थोरल्याचा खुराक

“खुराक वाढवा, ताई. पैलवान धापा टाकाय लागला की खुराक वाढवायचा. त्यात इचार कसला करायचा?”

बापूंचं हे वाक्य आजही माझ्या कानात आहे, त्यातल्या ‘वाढवा’वरच्या जोरासकट. खुर्चीत मागे रेलून, दोन्ही हात डोक्यामागे बांधून ते स्क्रीनकडे बघत होते. मी शेजारी उभी होते.

“बापू, मशीनमध्ये आता द्यायला मेमरीच शिल्लक नाही,” मी म्हटलं.

“काल तर हुती.”

“ती काल तुम्ही थोरल्याला दिलीत.”

“मग मधल्याची काढा आणि घाला थोरल्याला.”

“मधल्याची परवाच काढली,” पलीकडच्या टेबलावरून रियाज म्हणाला. “आता ऱ्हायला माझा फोन. त्यातली देऊ का काढून?”

बापूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं फोन उचलून खिशात ठेवला.

बियाणांच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खालून खतांचा वास यायचा आणि वर आम्ही तिघं. हिंदुराव कुराडे म्हणजे बापू, आमचे मालक. इंजिनिअरिंग शिकताना ते कोल्हापुरात तालमीत राहिले. पुढे गुडघा गेला, कुस्ती सुटली. चुरगळलेले कान तेवढे पैलवानाचे राहिले. रियाज जमादार यंत्रं आणि वायरी बघायचा. सॉफ्टवेअर मी बघायचे. बापू आणि रियाज दोघंही मला ताई म्हणत, बापू माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे असूनही.

आमच्या खोऱ्यातल्या दूध संघाचं सगळं काम आमच्याकडे होतं. गावोगावच्या केंद्रावर दूध मापलं, फॅट लागलं, की तिथल्या यंत्रातून एक निरोप निघायचा: अमक्या केंद्रात अमकीचं एवढं दूध आलं. तो आमच्या मशीनवर यायचा, नोंद व्हायची, आणि उलट पावली केंद्रावर पावती छापली जायची. एकाच वेळी शेकडो गावांतनं निरोप आले तर ते हरवू नयेत म्हणून मध्ये एक टपाल कचेरी असते, तिला ब्रोकर म्हणतात. आमच्या कचेरीत तीन पोस्टमन होते, एकाच मोठ्या मशीनमधल्या तीन वेगवेगळ्या कंटेनरांत. कंटेनर म्हणजे खोलीच समजा. कुणाच्या खोलीत किती जागा, हे आपण आधी ठरवून द्यायचं. एक पोस्टमन आजारी पडला तर बाकीचे दोघं त्याचं टपाल सांभाळतात. बापूंनी त्यांची नावं ठेवली होती थोरला, मधला आणि धाकला.

तर त्या दिवाळीच्या तोंडावर थोरला धापा टाकत होता. निरोप तुंबायचे. सखल गावांत त्यानं फारसं बिघडत नव्हतं, माणसं पावतीसाठी दहा मिनिटं जास्त थांबायची आणि संघाला शिव्या देऊन घरी जायची. बिघडत होतं ते आंबेखिंडीच्या धनगरवाड्यावर.

डोंगराच्या माथ्यावरचं ते केंद्र सगळं बायकांचं. वीसेक घरं. पहाटे धार काढायची, वाड्यावरच्या खोलीत मापायची, आणि कॅन डोक्यावर घेऊन खाली डांबरी सडकेपर्यंत उतरायचं. तिथं टँकर यायचा. संघाचा नियम कडक होता: पावती असेल तरच कॅन टँकरमध्ये. वाड्यावर रेंज जेमतेम, त्यामुळे त्यांचा निरोप नेहमी रांगेच्या शेपटीला लागायचा. रांग तुंबली की पहिली पावती अडायची ती त्यांची. कॅन सडकेवर पोचायचे, आणि पावतीसाठी वर यंत्रापाशी थांबलेली बाई खाली यायचीच नाही. टँकरवाला थांबून थांबून निघून जायचा, आणि बायका भरलेले कॅन घेऊन पुन्हा डोंगर चढायच्या. असं दोनदा झालं होतं. संघानं कळवलं होतं की वसुबारसेच्या सकाळी पुन्हा असं झालं तर केंद्र बंद, वाड्याचं दूध खालच्या गावच्या केंद्रात घालायचं. म्हणजे बायकांना रोज दोन्ही वेळा डोंगर उतरणं आलं, आणि केंद्राची चावी खालच्या गावच्या पुरुषांच्या हातात गेली.

आणि वसुबारस उद्यावर आली होती.

त्यात वसुबारसेचा दिवस म्हणजे आमच्या कामाच्या दृष्टीनं वर्षातला सगळ्यात अवघड. खोऱ्यातल्या घरोघरच्या बायका त्या दिवशी उपास धरतात. दूध, दही, तूप तोंडाला लावत नाहीत. घरात दूध लागत नाही, मग ते सगळं केंद्रावर येतं. ज्या बाईनं कधी दीड लिटरच्या वर घातलं नाही ती त्या दिवशी हसत हसत तीन लिटर आणते.

“ताई, आज कसला नेम?” रियाजनं नेहमीसारखं विचारलं.

आम्हा जैनांच्या घरात रोज सकाळी देवदर्शन करून दिवसापुरता एखादा नेम घेतात. आज मीठ नाही, आज गोड नाही, आज गावाची शीव ओलांडायची नाही. रियाजला त्याची मोठी गंमत वाटायची. रमजानात तो मला म्हणायचा, “ताई, माझं वर्षातनं एकदा, तुमचं बारमाही.” त्या वर्षी आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आर्यिका माताजींचा चातुर्मास होता, आणि दिवाळीपर्यंतचा नेम त्यांनीच दिला होता.

“तोच,” मी म्हटलं. “विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. विचारला तर खरा आणि पूर्ण द्यायचा.”

“म्हंजे आजबी ऑफिसात शांतता.”

खरं तर माझ्या बाबतीत हा नेम कुणाला कळलाही नसता. माझा आवाज मुळातच लहान. बस्तीत मी स्तोत्र म्हणते ते शेजारच्या बाईलाही ऐकू जात नाही. पण त्या आठवड्यात तो नेम मला फार जड गेला. थोरल्याला काय झालंय ते मला दिसत होतं. बापू रोज त्याचा खुराक वाढवत होते, आणि रोज तो जास्त धापा टाकत होता. मी आलेख बघायची, पाणी प्यायची आणि गप्प बसायची. माताजींना विचारून सूट मागावी असंही एकदा मनात आलं. पण सूट मागून पाळलेला नेम तो कसला!

दुपारी जेवायला बसलो. बापूंच्या घरून डबा यायचा तो एकट्याचा कधीच नसायचा. वैनींनी तीन माणसांचं म्हणून पाच माणसांचं पाठवलेलं असायचं. माझ्यासाठी कांदा-लसूण न घातलेली भाजी वेगळ्या वाटीत. बापूंनी मला तिसरी भाकरी वाढायला घेतली आणि मी ताटावर हात आडवा धरला.

“पोट भरलं?”

“नाही.”

“न्हाई? मग हात कशाला आडवा? भाजी बिघडलीया का?”

“भाजी छान आहे. भूक थोडी शिल्लक ठेवून उठायचं असतं आमच्यात. ऊनोदर म्हणतात त्याला.”

“भुकेलं उठायचं?” बापूंना ते पटेना. त्यांच्या घरी पाहुणा ताटावरून उठताना भिंतीला धरून उठला नाही तर त्यांना अपमान वाटायचा. “आणि त्यानं हुतं काय?”

“पोटात एक कोपरा मोकळा राहतो. अन्नाला हलायला जागा मिळते. माणूस जेवून आडवा होत नाही, कामाला लागतो.”

“तालमीत असं बोलला असता तर वस्तादानं धुतलं असतं तुम्हाला.”

“तालमीत नाही चालणार,” मी कबूल केलं.

रियाज भाकरी मोडता मोडता थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बापूंकडे. त्याच्या चेहऱ्यावर ते मिश्कील हसू आलं.

“बापू,” तो म्हणाला, “ताईना थोरल्याचं इचारा की.”

“काय इचारू?”

“काय बी. पर इचारा. त्येंचा नेम हाय, इचारल्याबिगर बोलत न्हाईत त्या. आठ दिस झालं पोटात घिऊन बसल्यात.”

बापूंनी घास तसाच ताटात ठेवला. “आठ दिस? ताई, खरं हे?”

“होय.”

“मग बोला की आता! काय झालंय थोरल्याला?”

“अजीर्ण,” मी म्हटलं.

रियाज खो खो हसला. बापू हसले नाहीत. मी जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात सांगू लागले.

“त्याच्या खोलीत जेवढी मेमरी आहे तेवढी सगळी तुम्ही त्याच्या झोळीत, म्हणजे त्याच्या स्वतःसाठी राखलेल्या मेमरीत घातलीत. पण त्याला झोळी फार लागतच नाही, बापू. त्याला लागतं टेबल. आत्ता आलेलं टपाल टेबलावर मांडलेलं असलं की हात घालून लगेच पुढं देता येतं. खोलीतली जी मेमरी मोकळी सोडाल तिचंच टेबल होतं. आपण मोकळी काही सोडलीच नाही. मग आलेलं पत्र तो तळघरात, म्हणजे डिस्कवर टाकतो, आणि कुणी मागितलं की पुन्हा तळघरात उतरून शोधतो. वर झोळी एवढी मोठी, की ती झाडून आवरायची तर सगळं काम थांबवून बसतो. त्यालाच आपण धाप म्हणतोय. आपण जेवढं खायला घालतो तेवढं त्याचं टेबल आक्रसतं.”

बापूंनी ताट बाजूला सारलं. खाली कुणीतरी बियाणांच्या पिशव्या आपटत होतं.

“म्हंजे चूक माझी,” ते म्हणाले. “खरं सांगा. माझी का न्हाई?”

विचारलं होतं. आणि नेम पूर्ण उत्तराचा होता.

“तुमची,” मी म्हटलं. “पण तुम्ही प्रेमानं केलीत.”

आता मात्र बापू हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग खुर्ची कुरकुरली. “ऐकलंस का रं रियाज! लाड करून पोरगं बिघडीवलं म्हनत्यात मला!” मग डोळे पुसून म्हणाले, “किती कमी करायचा खुराक?”

“चौथा हिस्सा ठेवू झोळीत. बाकी मोकळं.”

“चौथा? मरंल की त्यो!”

“नाही मरत, बापू. मी रोज करते.”

सकाळचं संकलन संपलेलं असतं आणि संध्याकाळचं सुरू व्हायचं असतं, त्या मधल्या वेळात आम्ही ते काम काढलं. एकेकाला झोपवायचं, नवीन माप द्यायचं, उठवायचं. कुणाला आधी घ्यायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा बापू म्हणाले, “थोरल्याला. मान त्याचा.” मला त्यात काही वावगं दिसलं नाही. थोरला उठला, मग मधला, मग धाकला. तिघंही हलके होऊन उभे राहिले, आणि आलेख खाली आला. रियाजनं दुकानातून शेंगदाण्याचे लाडू आणले. सूर्य कलायला लागला तशी मी माझा संध्याकाळचा डबा उघडला. दिवस मावळल्यावर मी खात नाही, हे त्या दोघांना एवढं ठाऊक होतं की त्या वेळेला ते मला कुठलंच काम सांगायचे नाहीत.

मग संध्याकाळचं दूध यायला लागलं.

पहिली काही मिनिटं सुरेख गेली. नंतर थोरल्याची रेघ वर सरकू लागली. सकाळपेक्षा कमी, पण वरच. बापूंनी लाडू खाली ठेवला.

“ताई, ह्यो पुन्हा धापा टाकतोय.”

“बघते.”

“खुराक कमी पडला न्हवं त्याला? मी म्हनलं हुतं.”

मी सगळं पुन्हा तपासलं. टेबल मोकळं होतं, झोळी लहान होती, तळघराच्या फेऱ्या बंद झाल्या होत्या. तरी तो दमत होता. मनात पहिल्यांदा भीती शिरली. मी ज्या विश्वासानं चौथा हिस्सा म्हणून सांगितलं, तो विश्वास माझ्या ताटाचा होता की यंत्राच्या ज्ञानाचा?

तेवढ्यात बापूंचा फोन वाजला. आंबेखिंडीच्या केंद्राच्या सचिव, सावित्राक्का झोरे. बापूंनी स्पीकर लावला.

“बापू, पावती आली न्हाई,” पलीकडून आवाज आला. मागे म्हशी रेकत होत्या, बायका बोलत होत्या. “सांजचं दूध हाय, टँकर न्हाई, म्हनून चालतंय. पर सकाळी काय करायचं?”

“सकाळी येतीया, आक्का.”

“मागल्या बारीला बी येनारच हुती.”

“काम चालू हाय. ताई बसल्यात.”

“लेक हाय का तिथं? तिला म्हनावं जेवलीस का दिस बुडायच्या आदी?” मी होय म्हटलं, ते तिला ऐकू गेलं नसणार. यंत्र शिकवायला मी वर वाड्यावर चार दिवस जात होते, तेव्हापासून ती मला लेक म्हणायची, आणि माझ्यासाठी पाणी वेगळं गाळून ठेवायची. “बापू, एक इचारू का? तुमी कवा आमचा वाडा बघिटलाय?”

“न्हाई, आक्का.”

“क्यान डोक्यावर घिऊन डोंगूर उतरलाय?”

“न्हाई.”

“आनि परत चढवलाय? भरल्याला?”

बापू गुडघा चोळू लागले.

“न्हाई न्हवं? मग ‘येतीया, येतीया’ म्हनायला तुमाला जड जात न्हाई.”

मागे बायका हसल्या. ते हसू वाईट नव्हतं, पण बापूंचे कान लाल झाले. ते खुर्चीतून उठून उभे राहिले, जणू ती समोरच होती.

“आक्का, उद्याचा क्यान टँकरमधी गेला की परवा सकाळी तुमचा क्यान मी माझ्या खांद्यावरनं सडकंला आनतो. शब्द देतो.”

“गुडघ्याचं काय?” मागून एक तरुण आवाज आला, आणि सगळा वाडा फुटला हसून.

“गुडघा बी येतोय संगट,” बापू म्हणाले आणि फोन ठेवला.

रियाजनं बापूंचा चेहरा पाहिला. तो माझ्या स्क्रीनजवळ येऊन उभा राहिला. “ताई,” तो हळूच म्हणाला, “हे दोघं काय करायल्यात?”

“कोण?”

“मधला आनि धाकला. ह्येंच्या रेघा बघा की. लग्नात आल्यागत हात बांधून हुबं हायत.”

मी बघितलं. मी इतका वेळ फक्त थोरल्याकडेच बघत होते. आम्ही सगळेच. मधल्याच्या आणि धाकल्याच्या रेघा जमिनीला टेकलेल्या होत्या.

पोस्टमन तीन असले तरी प्रत्येक गावाच्या टपालाचा एक कर्ता असतो; बाकीचे दोघं त्याची नक्कल जवळ ठेवतात. कर्ता झोपला की दुसरा ते गाव उचलतो. आम्ही थोरल्याला मानानं आधी उठवलं होतं. मग मधला झोपला, त्याची गावं थोरल्यानं घेतली. मग धाकला झोपला, त्याचीही घेतली. धाकटे दोघं उठले तेव्हा त्यांना कुणी त्यांची गावं परत दिलीच नाहीत. आणि हे आजचंच नव्हतं. दर वेळी थोरल्याला खुराक वाढवून उठवलं की बापू पाठोपाठ मधल्या-धाकल्यालाही झोपवून उठवायचे. प्रत्येक वेळी थोरल्याच्या डोक्यावर आणखी काही गावं चढायची.

“पण उठल्यावर आपापली गावं आपोआप परत मिळायला हवीत,” मी पुटपुटले. “ती सोय असते यात.”

“ती मी बंद केलीया,” मागून बापू म्हणाले.

आम्ही दोघं वळलो.

“मला वाटलं, घरचा कर्ता सारखा बदलू ने.” ते खाली बसले. “आमच्यात आबा गेल्यावर सगळं माझ्यावरच आलं. धाकटे दोघं बसून खात्यात असं वाटायचं मला. पर त्येंच्या हातात कधी काय दिलंच न्हाई मी, त्यांनी तरी काय करावं?”

हे बोलताना त्यांचा आवाज माझ्याएवढा लहान झाला होता. रियाजनं उरलेला लाडू त्यांच्या हातात दिला.

“ताई,” बापू म्हणाले, “इचारतो मी. काय करू?”

“वाटून द्या,” मी म्हटलं.

संध्याकाळचं संकलन थांबल्यावर आम्ही गावं वाटली. एक आज्ञा, आणि मग ती बंद केलेली सोय पुन्हा चालू. सगळं मिळून बापूंना चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. ती कळ त्यांनी स्वतःच्या बोटानं दाबली. मी घरी जाताना ते तसेच स्क्रीनसमोर बसले होते, आणि तीन रेघा शेजारी शेजारी, एका उंचीवर, झोपलेल्या पोरांसारख्या.

वसुबारसेच्या पहाटे मी बस्तीतून थेट ऑफिसला आले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाय-वासराला आंघोळ घालून आणलं होतं. वासराच्या कपाळावर हळदीकुंकवाचा एवढा मोठा मळवट की त्याचे डोळे मिचमिचत होते. माडीवर बापू खिडकीकडे तोंड करून उभे. स्क्रीनकडे पाठ.

“बघत का नाही?” मी विचारलं.

“माझ्या पोराची कुस्ती असली की मी बाहीरच हुबा ऱ्हातो,” ते म्हणाले.

रियाज समालोचन करू लागला. “खालची गावं चालू झाली… दूध लई येतंय, बापू… काल सांजच्या दुप्पट… थोरला चालतोय. मधला चालतोय. धाकला… आयला, धाकला तर पळतोय!”

“शिव्या देऊ नको, ताई हायत.”

“शिवी न्हाई, कवतिक हाय!”

निरोप येत होते आणि आल्या पावली जात होते. मी इतके निरोप एका सकाळी कधी पाहिले नव्हते. घराघरातलं वाचलेलं सगळं दूध जणू आमच्या माडीवरून वाहत होतं आणि कुठं तुंबत नव्हतं. मी मनात णमोकार मंत्र म्हणत होते. म्हणताना ओठ हलत होते, हे रियाजनं नंतर सांगितलं.

“आंबेखिंडीची गेली,” तो म्हणाला.

“काय गेली?” बापू दचकून वळले.

“पावती! पावती गेली, छापली. टँकर यायच्या आदी!”

आता सावित्राक्काचा फोन यायला हवा होता. आला नाही. आम्ही फोनकडे बघत बसलो. टँकरची वेळ झाली, टळली. बापूंनी लावला, तर वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. पावती छापल्याचं मशीन सांगत होतं, पण कागद संपला असेल तर? शाई? खाली उतरताना कुणी पाय घसरून पडलं तर?

मग फोन वाजला तो टँकरवाल्याचा.

“बापू, ह्या बायांना कायतरी सांगा!” तो ओरडत होता, कारण मागे त्याहून मोठा कालवा चालू होता. “मला सोडंनात!”

“क्यान घेतलास का?”

“घेतला की! कवाच घेतला! आता टँकरला ववाळाय लागल्यात. कुकू लावलंय, झेंडूचा हार घातलाय, काच दिसंना मला फुडली. गाईगत पुजा चाललीया टँकरची! मला फुडं आनि सा गावं हायत!”

“उपाशी हायत त्या,” बापू म्हणाले. ते हसत होते. “करू दे त्येंना पुजा.”

“आवं पर माझ्या कपाळाला बी लावलंय!”

मागून सावित्राक्काचा आवाज आला. तिनं फोन हिसकावला असणार. “बापू, हात रिकामं न्हवतं बगा, म्हनून उचलला न्हाई!” आणि फोन बंद.

रियाज टेबलावर ताल धरून नाचायला लागला. खालून दुकानदारानं काठीनं छत ठोकलं, तरी तो थांबेना. बापूंनी मला वाकून नमस्कार केला, आणि मी इतकी घाबरले की खुर्चीतून उठले. त्या दिवशी वैनींनी धाडलेल्या डब्यात आठ माणसांचं जेवण होतं. संघाचा निरोप दुपारी आला, केंद्र आहे तिथंच राहील. संध्याकाळी बापूंचे दोन्ही धाकटे भाऊ ऑफिसात आले होते. बापूंनी बोलावलं होतं म्हणे. ते काय बोलले ते मला माहीत नाही. मी दिवस मावळायच्या आधी घरी गेले होते.

वाड्याला दिलेल्या शब्दाचं त्या सगळ्या धामधुमीत कुणीच काही बोललं नाही. रियाजनं नाही, मी नाही. बापूंच्या गुडघ्याकडे बघून ती गोष्ट हसण्यावारी गेली असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर बस्तीला निघाले. अजून झुंजूमुंजू होतं. बस्तीच्या पाठीमागच्या आंबराईतून एक पायवाट डोंगराकडे जाते. त्या वाटेच्या तोंडाशी एक माणूस बसून गुडघ्याला फडकं गुंडाळत होता. मी ओळखलं. हाक मारावी असं ओठांवर आलं, पण मारली नाही.

बापूंनी फडक्याची गाठ आवळली. चपला काढून एका दगडाखाली नीट सरकवल्या. गळ्यातला पंचा काढून त्याची घट्ट चुंबळ केली आणि ती डाव्या खांद्यावर ठेवून बघितली, मग उजव्या. उजव्यावर बरी बसली असावी. ते उठले, इकडं तिकडं कुणी नाही असं बघितलं, आणि लंगडत, हळूहळू, आंबेखिंडीच्या वाटेला लागले.